बाई थांबते ती जागा

टेकचंदने सुई अलगद टेकवली. पियानोचे पहिले चार-पाच स्वर दुकानात पसरले न पसरले तोच शलाकाला कळलं, की ही ती नाही.

रेकॉर्ड तीच होती. कडेपासून बोटभर आत गेलेला चरा तसाच होता, आणि दर फेऱ्याला त्याची बारीक टिकटिक ऐकू येत होती. मशीनही तेच, बाबांचं. पण वाजवणारी बाई बदलली होती. ही वरच्या पट्टीत वाजवत होती, आणि अशी, की एका घरचं हळदीकुंकू आटोपून तिला लगेच दुसऱ्या घरी पोचायचं आहे.

“एकदम मख्खन,” टेकचंद म्हणाला. उल्हासनगरच्या कॅम्प पाचमध्ये त्याचं दुरुस्तीचं दुकान होतं. आता सत्तरी उलटली तरी तो स्वतःच स्टुलावर बसून काम करायचा. “दोन साल बंद होती, असं कोणी बोलेल?”

“काय काय बदललंत, टेकचंदअंकल?”

“पट्टा नवीन. तेलपाणी. आणि एक गंमत सांगतो तुला, बेटी.” त्याने चष्मा कपाळावर चढवला. “मशीन अमेरिकेची. तिकडे लाइट साठ सायकलची, आपल्याकडे पन्नासची. व्होल्टेजसाठी साहेबांनी खाली ट्रान्सफॉर्मर लावलेला, पण सायकलचं काय? मोटर इथे हळू फिरणार. म्हणून इथे मोटरची पुली जाडी पायजे. मी खालचं झाकण खोललं, तर आत चिकटपट्टीने डकवलेली एक पुडी. पुडीत पितळी पुली, बरोबर मापाची, लेथवर काढलेली, अशी की मी हातात घेऊन बघतच राहिलो. साहेबांनी बनवून ठेवली आणि लावलीच नाही. विसरले असतील. मी लावून टाकली.”

शलाकाने मान हलवली. बाबा विसरले असतील, हे वाक्य तिच्या कानाला त्या पियानोइतकंच परकं वाटलं. पण वाद घालायचा तिचा स्वभाव नव्हता. मशीन मांडीवर घेऊन ती रिक्षात बसली आणि बदलापूर येईपर्यंत खालीच बघत राहिली.

बाबांना जाऊन अकरा महिने झाले होते. त्याच्या आधी वर्षभर मशीन बंद होतं. पट्ट्याचं रबर वितळून डांबरासारखं चिकटून बसलं होतं. शेवटच्या महिन्यात बाबा पडल्या पडल्या चादरीवर बोटं वाजवायचे. येणाऱ्याजाणाऱ्याला वाटायचं, हात थरथरतोय. शलाकाला माहीत होतं. ती घड्याळ लावून बघायची: पाच मिनिटं चोवीस सेकंद, कधी दोन-चार इकडेतिकडे. साडेतीन मिनिटांच्या सुमाराला उचललेलं बोट हवेतच थांबायचं, आणि मग सावकाश खाली यायचं. “पट्टा बदलून आणते, बाबा,” ती म्हणाली होती. मग कॉलेजात पेपर तपासायचे दिवस आले, मग दवाखाना, आणि पट्टा राहून गेला. दहावा झाला, तेरावा झाला, पेन्शनचे कागद झाले. हे एकच व्हायचं होतं. वर्षश्राद्धाच्या आत ती रेकॉर्ड घरात एकदा, फक्त एकदा, पूर्वी वाजायची तशी वाजायला हवी होती.

पुण्याहून तिच्या भावाने, अनीशने, मदत म्हणून ढीगभर दुवे पाठवले होते. “ताई, शोपँची सगळी नॉक्टर्न फोनवर आहेत, पाहिजे त्याने वाजवलेली. कशाला त्या जुन्या खोक्याच्या मागे लागतेस?” शलाकाने ती ऐकलीही. घरच्या रेकॉर्डवरचं तेच नॉक्टर्न, पियानोवरचं ते निशागीत, एकामागून एक चाळीस जणांनी वाजवलेलं. कुणी पावसाच्या थेंबांसारखं मोकळं सोडलेलं, कुणी साखरेच्या पाकात बुडवलेलं, कुणी इतकं शहाणं की त्यात चूक काढता येऊ नये आणि आठवणही राहू नये. सगळेच वरच्या पट्टीत, आणि सगळेच घाईत. फोनवर गती कमी करायची सोय होती. तीही तिने करून पाहिली. सूर खाली उतरले नाहीत, नुसते ताणले गेले, उन्हात राहिलेल्या रबरासारखे.

घरची बाई, म्हणजे त्या रेकॉर्डवर वाजवणारी, कोण, हे कुणालाच माहीत नव्हतं. बाबा अंबरनाथच्या दारूगोळ्याच्या कारखान्यात गेज रूममध्ये होते. कारखान्यातली मापं ज्या मापांनी तपासायची, ती मापं तपासायचं त्यांचं काम. त्यांच्या खात्यातले दौलतराव एकोणऐंशी साली प्रशिक्षणासाठी रशियाला गेले आणि येताना ती रेकॉर्ड घेऊन आले. वेष्टन फाटलेलं, मधल्या कागदावर रशियन अक्षरं. रचना शोपँची, एवढं दौलतरावांनी वाचून दाखवलं, आणि वाजवणारी बाई आहे, हेही. नावावर शाईचा डाग होता. त्याच वर्षी आईच्या मामेभावाने, अनंतामामाने, अमेरिकेहून सुटीला येताना रेकॉर्ड प्लेअर आणला. “अमेरिका आणि रशिया आमच्या कपाटावर एकत्र नांदतात,” बाबा येणाऱ्याला सांगायचे. कारखान्याच्या क्वार्टर्समध्ये हा त्यांचा एकमेव विनोद म्हणून ओळखला जायचा.

आणि रविवारी सकाळी तपासणी. ओळखीपाळखीतून मागून आणलेल्या कॅसेटी, त्याच नॉक्टर्नच्या, निरनिराळ्या वादकांच्या. बाबा वहीत वेळ लिहायचे, शेरा लिहायचे, आणि पुढे कारखान्यातल्यासारखा निकाल: पास, दुरुस्ती किंवा बाद. जगातले मोठमोठे पियानोवादक अंबरनाथच्या त्या दोन खोल्यांत बाद व्हायचे. “या गृहस्थाला जेवायला जायचं असावं. बाद.” “हिला कळलंय, पण सांगायची घाई. दुरुस्ती.” “थांबत नाही. उडी मारतो. बाद.”

कारण घरची बाई थांबायची. ओळ पायरी पायरीने वर चढत जायची, आता शेवटचा स्वर येणार असं वाटायचं, आणि ती थांबायची. खोलीत कुणी बोलत असेल तर तेही थांबायचं. मग तो स्वर यायचा. “पुढे काय आहे, हे तिला माहीत आहे,” बाबा म्हणायचे. “म्हणून ती थांबते.” लहानपणी शलाकाला ती बाई दिसायचीसुद्धा: जाड, पांढऱ्या साडीतली, दाराच्या चौकटीला हात टेकून उभी राहिलेली. रशियन बाई साडी नेसत नाही, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं.

बदलापूरला घरी येऊन तिने मशीन कपाटावर ठेवलं. आई, उमाबाई, पलंगावर बसून गवार मोडत होती.

“झालं का ग नीट?”

“झालं,” शलाका म्हणाली. “जास्तच नीट झालं.”

टेकचंदने पुलीची रिकामी पुडी परत दिली होती. तेलकट कागद, आणि त्याला दोऱ्याने बांधलेली पुठ्ठ्याची चिठ्ठी, गेज रूममध्ये प्रत्येक मापाला बांधतात तशी. चिठ्ठीवर बाबांचं अक्षर: “बरोबर. १४ फेब्रुवारी १९८७.” शलाका तेव्हा आठ वर्षांची होती.

तिने कपाटातून तपासणीच्या वह्या काढल्या. आतापर्यंत तिने त्या चाळल्या होत्या, हसण्यासाठी आणि मग रडू येऊ लागलं की मिटण्यासाठी. तारीख शोधत कधी वाचल्या नव्हत्या. सत्त्याऐंशीच्या वहीत फेब्रुवारीचं पान सापडलं.

“८ फेब्रु. रेकॉर्डवर कागदाचा कपटा ठेवून फेरे मोजले. मिनिटाला पावणेअठ्ठावीस. हवेत तेहेतीस. पाचास सहा. पन्नास सायकल, साठ सायकल. व्होल्टेज बघितलं, हे बघितलं नाही. आठ वर्षं मोजलं नाही, कारण अमेरिकेचं म्हणून. चूक माझी.”

खाली, त्याच पानावर: “जुनी पुली ८.३५ मि.मी. नवी १०.०२ लागेल.”

मग पुढची तीन पानं लाल शाईची. आठ वर्षांत बाद केलेले सगळे वादक त्यांनी परत तपासायला घेतले होते. प्रत्येक नावापुढचं ‘बाद’ एका रेघेने खोडून लिहिलं होतं: “फेरतपासणी. पास.” जेवायला निघालेले गृहस्थही पास झाले होते. घाई त्यांची नव्हती. घरची बाईच, पुलीच्या कृपेने, पाचास सहा रेंगाळत होती.

आणि चौदा तारखेला, बाईच्या नावाच्या जागी नेहमीसारखी आडवी रेघ ओढून: “नवी पुली लावून पाहिली. ४ मि. ३० से. थांबते. कमी, पण थांबते. पास.”

त्याखाली, निळ्या शाईत, घाईने: “शलाका रडली. जुनी परत लावली.”

शलाकाने ती ओळ दोनदा वाचली. तिला यातलं काही आठवत नव्हतं.

“आई, मी रडले होते?”

आईने न विचारताच ओळखलं. “रडलीस म्हणजे, बिल्डिंग गोळा केलीस. ‘ही ती बाई नाही, ही घाईत आहे, तिला परत बोलवा.’ जेवायलाच बसेनास. यांनी समजावलं, बेटा, ही खरी, ती चुकीची. तर म्हणालीस, मला चुकीची द्या.”

“आणि बाबांनी दिली.”

“दिली. शेंगदाण्याएवढा तो स्क्रूड्रायव्हर आणला, पुली बदलली, आणि मग तू तीन पोळ्या खाल्लीस.” आईने गवारीची शेंग मोडली. “मी तर पहिल्या वर्षीच सांगितलं होतं. माझ्या पेटीवर लावून बघितलं होतं मी. म्हटलं, अहो, कॅसेटवाली माणसं तीन पट्ट्या वर वाजवतात. तर म्हणाले, त्यांचा पियानो वेगळा असेल. गेज रूमवाल्याला बायकोच्या पेटीचा काय भरवसा.”

“मला का नाही सांगितलं कधी?”

“त्यांनी सांगितलं होतं, नको म्हणून. पोरीला कळलं की तिची ती जाईल, म्हणाले.”

शलाका खिडकीपाशी जाऊन उभी राहिली. ज्या माणसाने एका केसाच्या शतांश जाडीसाठी मापांची अख्खी पेटी परत पाठवली, वरिष्ठांची बोलणी खाल्ली, बढती घालवली, त्याने छत्तीस वर्षं घरात एक चुकीचं माप चालवून घेतलं होतं. आणि शेवटी चादरीवर बोटं वाजवली, ती पाच मिनिटं चोवीस सेकंदांची. तिच्यासाठी सवय लावून घेतलेली, की आता सवयच झालेली, हे विचारायला कुणी उरलं नव्हतं.

पण एक गोष्ट अजून करण्यासारखी होती. जुनी पुली मिळवायची. ती टेकचंदकडे होती, किंवा भंगारात गेली होती.

दुसऱ्या दिवशी शनिवार होता. वही आणि बाबांचा व्हर्नियर कॅलिपर पिशवीत टाकून ती सकाळीच कॅम्प पाचला पोचली. टेकचंद नुकताच अगरबत्ती ओवाळत होता.

“काय झालं? पट्टा सरकला?”

“नाही. मशीन छान चालतंय. मला जुनी पुली हवी आहे.”

“कशाला? ती चुकीची आहे, बेटी.”

“मला चुकीची द्या,” शलाका म्हणाली, आणि आपण काय बोललो ते तिचं तिलाच ऐकू आलं.

टेकचंदने तिच्याकडे बघितलं. मग अगरबत्ती खोचली. “कॅम्प पाचमध्ये पन्नास साल बसलोय. लोक खोट्याचं खरं करून घ्यायला येतात इथे. तू पहिली, जी खऱ्याचं खोटं करून मागते.” बोलता बोलता त्याने फळीखालून बिस्किटांचा एक मोठा पत्र्याचा डबा ओढला. “निकाललेला माल सगळा यात. पण आता मला विचारू नको कुठली. टेपच्या, डेकच्या, प्रोजेक्टरच्या, सगळ्या पुल्या बहिणी बहिणी दिसतात.”

त्याने वर्तमानपत्र पसरून डबा उपडा केला. स्प्रिंगा, स्क्रू, दातेरी चक्रं, आणि पितळेच्या वीस-पंचवीस इवल्या पुल्या. शलाकाने कॅलिपर काढला.

“अरे वा,” टेकचंद म्हणाला, “साहेबांचा. यानेच मला एकदा बेइज्जत केलं. माझी फूटपट्टी मोजली आणि बोलले, टेकचंद, ही खोटं बोलते. मी बोललो, साहेब, दुकानात थोडं चालतं. बोलले, दुकानात चालतं, मापात नाही.”

शलाका हसली, बऱ्याच दिवसांनी. आणि मोजायला लागली. आधी जबडे पुसायचे, मिटून शून्य बघायचं, मग वस्तू चिमटीत धरायची, दाबायची नाही. हे तिला सातवीत बाबांनी शिकवलं होतं, सुपारीवर. सात पूर्णांक नव्वद. नऊ पूर्णांक दहा. आठ पूर्णांक दहा. टेकचंद एकेक उचलून देत होता आणि ती नापास करून डाव्या बाजूला ठेवत होती. त्याचा चहा आला, तिचाही आला, दोन्ही गार झाले.

सोळाव्या पुलीला रेघ आठ पूर्णांक पस्तीसवर जुळली. तिने पुसून परत मोजलं. तेवढंच. खोबणीत काळ्या रबराचा एक चिकट कण अजून अडकलेला होता, बाबांच्या जुन्या पट्ट्याचा.

“मिळाली,” ती म्हणाली.

“लावून देऊ? मशीन घेऊन ये.”

“नको. स्क्रू कुठला ढिला करायचा, तेवढं दाखवा. मी लावेन.”

त्याने दाखवलं, आणि वर एक शेंगदाण्याएवढा स्क्रूड्रायव्हर तिच्या पिशवीत टाकला. “साहेबांच्या नावाने,” म्हणाला.

घरी आली तेव्हा दुपारचे अडीच वाजले होते. आईचं जेवण झालं होतं, ती पेपर वाचत होती. शलाकाने हात धुतले, मशीनचं झाकण उघडलं, स्क्रूड्रायव्हर हातात घेतला. आईने पेपर खाली केला.

“शनिवार आज,” आई म्हणाली.

“हो. का?”

“काही नाही. यांचा शनिवार.” आई सांगू लागली. “शनिवारी यांना अर्धा दिवस असायचा. तुला आणि अनीशला मी चित्रकलेच्या क्लासला सोडून यायचे, तीन ते पाच. तेवढ्यात हे घरी यायचे. आल्या आल्या मशीन उघडायचे, ती पितळेची पुली लावायचे आणि बाईला ऐकायचे. दोनदा, तीनदा. पावणेपाचला परत उघडायचे, तुझी लावायचे, पुडी होती तशी डकवायचे. मी म्हणायचे, अहो, एवढा खटाटोप कुणी बघितलं तर काय म्हणेल, स्वतःच्या घरात चोरून? तर म्हणायचे, चोरी नाही, गेज तपासतोय. महिन्यातनं एकदा तपासावंच लागतं.”

“किती वर्षं?”

“तू कॉलेजला जाईपर्यंत. मग तू घरातच असायचीस शनिवारी, अभ्यासाला. मग बंद झालं.”

शलाका स्टुलावर बसली. तिच्या एका मुठीत जुनी पुली होती. तिला वाटत होतं, बाबांची आठवण म्हणून आपण बाबांची बाई शोधतोय. ती तर आपली होती. बाबांची बाई ही होती, आत्ता मशीनवर बसवलेली, जिला तिने काल टेकचंदच्या दुकानात पाच स्वरांत बाद केलं होतं. तिच्यासाठी बाबांना शनिवारचे दोन तास मिळत होते, आणि मग तेही गेले, आणि त्यांनी ते कुणाला सांगितलं नाही.

तिने स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला. पुली बदलली नाही. रेकॉर्ड पुसली, बटण दाबलं आणि सुई दुसऱ्या बाजूच्या पहिल्या नॉक्टर्नवर ठेवली.

ऐकणं सोपं नव्हतं. कान सारखा मागे राहत होता, ओळखीच्या वळणाची वाट बघत, आणि बाई तिथून पुढे गेलेली असायची. पण मिनिटभराने शलाकाने वाट बघायचं सोडलं. मग तिला ऐकू येऊ लागलं. डावा हात घरच्या गतीत जड पावलांनी चालायचा, इथे तो पाळणा झुलावा तसा झुलत होता. घरची बाई पोक्त होती, सोसलेली. ही तरुण होती. पस्तिशीचीही नसेल. तिला दुःख नव्हतं असं नाही. ते तिच्यापाशी नुकतंच आलं होतं, आणि त्याचं काय करायचं ते तिला ठरवता येत नव्हतं. बाबांनी त्या शनिवारी ही ऐकली असेल. बेचाळीस वर्षांचे बाबा, कामाच्या निळ्या शर्टात, या स्टुलावर.

ओळ वर चढायला लागली. आईने पेपराची घडी घातली. एक पायरी, दुसरी, तिसरी. फोनवरचे चाळीसही जण इथून सरळ वर गेले होते. कुणी हळू, कुणी जोरात, पण न अडखळता. वहीत काहीही लिहिलेलं असो, आता हीसुद्धा जाणार. आजवर जी थांबायची ती पुलीच होती, दुसरं कुणी नाही.

बाई थांबली.

पापणी लवायला वेळ लागेल, तेवढंच. पण थांबली. कुणी विचारलं असतं तर शलाकाला शपथेवर सांगता आलं असतं. मग तो स्वर आला, आणि ओळ सावकाश खाली उतरू लागली.

सुई रिकाम्या खोबणीत खरखरायला लागली तेव्हा शलाका म्हणाली, “थांबते.”

“थांबते तर,” आई म्हणाली. “कमी थांबते.” मग तिने शलाकाच्या मुठीकडे बघितलं. “आता लाव तुझी. आणलीस ना एवढी मोजून?”

शलाकाने मूठ उघडली. पुली हाताच्या उबेने गरम झाली होती, खोबणीतलं काळं रबर तळव्याला लागलं होतं. तिने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं.

“पाचला लावते,” ती म्हणाली. “तोपर्यंत त्यांची राहू दे.”

तीन वाजायला दहा मिनिटं होती. तिने सुई उचलली आणि परत पहिल्या ओळीवर ठेवली.